रणपिसे सरांचं ओपल

कुणी हातात दगड दिला की रणपिसे सर तो आधी नळाखाली धुवायचे, रुमालानं पुसायचे, भिंगातून बघायचे आणि मग चाटायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस यायची. मलाही आली होती. मी भूशास्त्र विभागात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची देण्याआधी एक दगड दिला आणि म्हणाले, "मराठे बाई, जीभ लावा." मी दोन पदव्या घेतलेली, संसार असलेली बाई, नोकरीच्या पहिल्याच दिवशी दगड चाटत उभी राहिले. दगड जिभेला चिकटला. "सच्छिद्र आहे, पाणी ओढतोय," सर म्हणाले. "आता बसा."

पेठेतल्या त्या कॉलेजात आमचा विभाग म्हणजे मागच्या इमारतीतल्या दोन खोल्या, काचेची कपाटं आणि कपाटांत दगड. सर विभागप्रमुख आणि मी उरलेला विभाग. सरांचा ठेंगणा बांधा, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग, खिशात कायम मातकट झालेला रुमाल. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरचा मुलगा एक तर पुढं येऊन बसायचा, नाही तर सरळ निघून जायचा. सरांचं दोन्हीला काही म्हणणं नसे.

त्यांचं बालपण येरवड्यात गेलं. वडील पोस्टात होते. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरातल्या जुन्या समजुती कशा एकेक करून बाहेर काढल्या, हे सर कधीतरी डबा खाताना सांगायचे. त्यांच्या बोलण्यात अभिमान असे, पण आवाज तेवढाच हळू. पोरांनी काही विचारलं की वडील उत्तर द्यायचे आणि वर म्हणायचे, आता खरं का ते बघून ये. सरांनी तीच सवय वर्गात आणली होती. प्रत्येक वर्षीच्या पहिल्या तासाला ते सांगायचे, "मी सांगतो म्हणून लिहून घेऊ नका." मुलं हेही वाक्य वहीत लिहून घ्यायची.

रस्त्यानं चालताना सर माणसांकडे बघत नसत, खाली बघत. ते दिवस नव्या बँकांचे, नव्या दुकानांचे, चकाचक फरशांचे होते. लक्ष्मी रस्त्यावर त्यांच्या पत्नी साडी निवडत असताना हे दुकानाच्या पायरीवर उकिडवे बसून ग्रॅनाइट बघत राहिले आणि मालकाला वाटलं, यांना चक्कर आली. त्यानं पाणी आणवलं. सरांनी ते पाणी फरशीवर ओतलं, रंग नीट दिसावा म्हणून. वहिनींनी त्यानंतर त्यांना साडी खरेदीला नेलं नाही, आणि सरांनाही ते सोयीचंच होतं.

मधल्या कपाटात, सरांच्या डोळ्यांसमोर राहील अशा फळीवर, ते लाकूड होतं. मांडीएवढा जाड ओंडका, लांबीला हातभर. यवतमाळच्या बाजूला एका नाल्यात, लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या पट्ट्यात तरुणपणी त्यांना तो सापडला होता आणि एसटीत मांडीवर घेऊन त्यांनी तो पुण्याला आणला होता. वजन असं की उतरताना पाय उचलेनात. खाली त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: ओपल झालेलं लाकूड. सायीच्या रंगाचं अंग, कडेला मधासारखा पिवळा पट्टा, एका बाजूनं तांबडी धार, मध्ये काळ्या रेघा, आणि उन्हात धरलं की सगळ्यावर दुधाळ निळसर झाक. भिंगातून बघितलं तर झाडाची वर्तुळं आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या जशाच्या तशा दिसायच्या.

त्या लाकडावरचा तास हा सरांचा खरा तास. ओंडका टेबलावर ठेवून ते विचारायचे, हा रंग कुणाचा? मुलं म्हणायची, लाकडाचा. सर म्हणायचे, लाकूड कधीच गेलं. झाड चिखलात गाडलं गेलं, पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, त्याच्या पेशीपेशीत शिरली आणि साखळली. लाकूड कुजत गेलं तशी ती त्याच्या जागी बसत गेली. शुद्ध सिलिकेला रंगच नाही. जो दिसतो तो पाहुण्यांचा. तांबडा-पिवळा लोखंडाचा. भिंतीत खिळा गंजला की भोवती डाग पडतो, तोच हा. गंजात पाणी धरलेलं असेल तर पिवळा, नसेल तर तांबडा. काळा मँगनीजचा, नाही तर कुजायचा राहून गेलेल्या कार्बनचा. आणि पांढरा कुणाचाच नाही. साबणाचं पाणी पांढरं नसतं, फेस पांढरा असतो. आतल्या बारीक पोकळ्यांवर उजेड विखुरतो, तो पांढरा.

मग ते ओपलवर यायचे. सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे आणि त्यांच्यामध्ये अडकलेलं पाणी म्हणजे ओपल. गोळे एका मापाचे आणि रांगेत असतील तर उजेड फुटून सगळे रंग खेळतात, दागिन्यातल्या ओपलसारखे. आपल्या लाकडात गोळे आहेत, रांग नाही. पीएमटीच्या बसस्टॉपवरच्या गर्दीसारखं. म्हणून नुसती निळसर झाक. शेवटी आवाज आणखी खाली आणून म्हणायचे की ओपल हा काही मुक्कामाचा दगड नव्हे. त्यातलं पाणी हळूहळू जातं, गोळे मोडतात, आणि लक्षावधी वर्षांत त्याचा स्फटिक होतो, ज्याला आपण गारगोटी म्हणतो. इतकं जुनं लाकूड अजून ओपलच राहिलं, हेच आश्चर्य. एवढं बोलून ते ओंडक्यावरून हात फिरवायचे. मी हा तास इतक्या वेळा ऐकला की घरी भाजी निवडतानाही तो मनात चालू व्हायचा.

सहलीला मात्र सर वेगळे असत. दिवेघाटात, कात्रजला, कुणी दगड उचलून "सर, हा तपकिरी" म्हणालं की ते हातोडी पुढं करायचे. वरची साल बघून बोलायचं नाही. उन्हापावसानं साल बदलते, मऊ होते, खोटा रंग धरते. फोडा, आणि ताजी फोड बघून बोला. मकरंद नावाचा एक विद्यार्थी या कामात तरबेज होता. एका घावात हवा तसा तुकडा काढायचा. त्या सगळ्या वर्षांत सरांनी तोंडभरून स्तुती केलेला तो एकच. हा दगडांत राहणार, असं सर मला म्हणाले होते. मकरंद बी.एस्सी. झाला, संगणकाचा कोर्स केला आणि हिंजवडीला आयटी कंपनीत गेला.

सगळेच तिकडे निघाले होते. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की कॉम्प्युटरच्या खिडकीपुढची रांग पार फाटकाबाहेर जायची आणि आमच्या खिडकीत मी स्वेटर विणत बसायचे. आमच्याकडे यायची ती दुसरीकडे न मिळालेली मुलं, आणि त्यातली निम्मी दिवाळीपर्यंत निघून जायची. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. माझा स्वतःचा मुलगाही त्याच रांगेत उभा होता. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, वाणिज्य शाखेचे होते इतकंच. ते एक दिवस आमच्या खोल्यांत येऊन उभे राहिले, भिंतींकडे बघत, इथं किती संगणक मावतील याचा हिशोब करत, आणि जाताना म्हणाले, "रणपिसे सर, या विभागात असं काय आहे जे दुसऱ्या कॉलेजात नाही? एक गोष्ट दाखवा, मी संस्थेशी भांडतो."

सरांनी लाकडाकडे बोट दाखवलं.

आश्चर्य म्हणजे ते चाललं. आमचे एक माजी विद्यार्थी होते, भाऊसाहेब. हडपसरच्या शेतकरी घरातले. जमिनीवर आयटी पार्क झाल्यापासून स्वतःच बिल्डर झालेले. प्राचार्यांनी त्यांना बोलावून आणलं. भाऊसाहेबांनी ओंडका दोन्ही हातांनी उचलला, उन्हात धरला, आणि खूश झाले. ओपल म्हणजे अंगठीत असतं तेच का, एवढंच त्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं, जात तीच. मग भाऊसाहेब म्हणाले, "सर, दालन बांधून द्यायची जबाबदारी आपली. दारावर पितळी पाटी लावू, 'ओपल झालेलं झाड'. अख्ख्या पुण्यात न्हाई असं काहीतरी पायजे." दालन झालं की विभाग राहणार, असं प्राचार्यांनी तिथंच कबूल केलं. मी घरी जाताना चितळ्यांच्या रांगेत न उभी राहता साध्या दुकानातून पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवले.

सरांनी पेढा घेतला नाही. ते ओंडक्यापुढे बसले होते आणि चेहरा असा की रात्री झोप नसावी.

"मराठे बाई," ते म्हणाले, "हा मी कधी फोडलेला नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जो माणूस पोरांना साल बघून बोलू देत नसे, त्यानं आपलं लाकूड साल बघूनच ओपल ठरवलं होतं. जीभ लावली, चिकटली. कानस लावली, ओरखडा उठला, गारगोटीवर तो उठला नसता. आकाराच्या मानानं हलकं वाटलं. हे सगळं केलं, पण सगळं वरच्या सालीवर. आत हातोडी घालायला त्यांचा जीव झाला नाही, इतकं ते सुंदर होतं. पहिल्या वर्षी वाटलं, पुढं बघू. मग चिठ्ठी लागली. मग चिठ्ठी होतीच म्हणून कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

मी त्यांना सांगितलं की राहू दे. विभाग वाचतोय. कोण फोडून बघणार आहे? पाटी लागेल, शाळेच्या मुलांच्या सहली येतील, मुलांना जीवाश्म म्हणजे काय ते कळेल. यात कुणाचं काय वाईट होतंय? मला आजही त्यात चूक वाटत नाही. मी थकलेली होते आणि मला दालन हवं होतं. सरांनाही हवं होतं, माझ्याहून जास्त. निवृत्तीला अजून अवकाश होता, आणि विभाग नसेल तर त्यांना पर्यावरणाचे सक्तीचे तास घेत वर्गावर्गांतून फिरावं लागणार होतं. "पितळेवर कोरायचं म्हणजे बघायला हवं," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी मागच्या बाजूनं छिन्नी लावली. पहिला घाव वाया गेला. दुसऱ्या घावाला नखाएवढा कपचा निघाला. आत काय दिसलं हे त्यांनी मला दाखवलं नाही, कपचा रुमालात बांधला. शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांचा एक मित्र होता. तिथं दगडाची पूड करून तिच्यावर क्ष-किरण सोडत. कसं ओळखायचं ते त्यांनी मला समजावलं. ओपल असेल तर आलेखात पर्वतीसारखी एक बुटकी, पसरट टेकडी येते, कारण आत धड रांग नसते. स्फटिक असेल तर सगळं रांगेत, म्हणून आलेखात उंच, टोकदार सुळके येतात. त्या आठवड्यात मी बसमधून जाताना पर्वतीकडे बघून हात जोडले. कशासाठी, ते सरांना सांगण्याची सोय नव्हती.

ते परत आले तेव्हा माझं प्रात्यक्षिक चालू होतं. त्यांनी दारातच छत्री झटकली, कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाले, "सुळके आहेत."

 मग कसं ते त्यांनीच सांगितलं. उन्हापावसानं वरची साल झिजून सच्छिद्र झाली होती. म्हणून जीभ चिकटली, म्हणून कानस चालली. जिभेनं बरोबर सांगितलं होतं, अर्थ आपण घाईनं लावला, असं म्हणाले. आत पूर्ण स्फटिक आहे. कधीकाळी ओपल असणारच, पण त्याचा प्रवास माणूस जन्मायच्या आधीच संपलेला. निळसर झाकही अतिसूक्ष्म स्फटिकांची. "रंगांचं शिकवलेलं तेवढं बरोबर निघालं," ते म्हणाले. "लोखंडाला काय, ओपलमध्ये बसवा नाही तर गारगोटीत." मग त्यांनी कपाट उघडलं, जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लिहून ठेवली. अक्षर तेच, नेहमीसारखं सरळ.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर स्वतः गेले, मीही गेले. भाऊसाहेब आलेलेच होते, पाटीचा नमुना घेऊन. सरांनी सांगितलं तेव्हा प्राचार्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. भाऊसाहेब मात्र समजुतीनं घेत होते.

"सर, कवातरी ओपल व्हतं ना? मग तसंच ल्ह्या की. कोन बघतंय?"

"कधीतरी तुमच्या जमिनीत ज्वारीही होती," सर म्हणाले. "आज तो सातबारा दाखवून गिऱ्हाइकाला ज्वारी द्याल का?"

भाऊसाहेब हसले. मनापासून हसले, त्यांना राग आला नाही. पण गारगोटी झालेल्या झाडासाठी दालन बांधायचं म्हणजे त्यांच्या भागीदारांना सांगायचं काय, हा त्यांचा प्रश्नही खरा होता. नाल्यानाल्यात गारगोट्या असतात. दालन राहूनच गेलं. त्यांनी जे द्यायचं ठरवलं होतं त्यात संगणक कक्ष वातानुकूलित झाला, आणि तो आमच्याच दोन खोल्यांत झाला. पुढच्या जूनपासून भूशास्त्राचे प्रवेश बंद झाले. दगड खोक्यांत भरून तळघरात गेले. मी आणि सर पर्यावरणाच्या तासांना लागलो. शंभर मुलांच्या वर्गात सर ओझोनबद्दल बोलायचे आणि तो हळू आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढं जात नसे. त्यांना तसं बघून मला फार वाईट वाटायचं. त्यांच्या वर्गावरून जायची वेळ आली तर मी दुसऱ्या जिन्यानं जायचे.

लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. शिक्षकांच्या खोलीत तर उघडच. एका कपच्यासाठी विभाग घालवला म्हणायचे. सर चहा प्यायचे. त्यांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं, ते मला मागाहून कळलं. ज्यांना ज्यांना त्यांनी ते लाकूड ओपल म्हणून शिकवलं, त्या सगळ्यांना गाठून ते चूक सांगणार होते. आधी मला वाटलं, विरंगुळा असेल. पण रविवारी वारज्याच्या घरून ते निघायचे, जेवायच्या वेळेला परतायचे, आणि वहिनी मला फोनवर विचारायच्या, हे जातात कुठं? कुणाच्या घरी पूजा चालू असायची, कुणाच्या घरी बारसं. हे सोफ्याच्या कडेला बसून सांगायचे की तुम्हाला दाखवला तो नमुना ओपल नव्हता, आणि चहा घेऊन उठायचे.

मकरंदकडे ते एकटे जायला कचरत होते. तो खास म्हणून असेल. त्यांनी मला बरोबर चलता का विचारलं. हिंजवडीला आम्ही पोचलो तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. फाटकावर आमची नावं लिहून घेऊन शर्टाला पास लावले. सरांनी भिंग शर्टाच्या आत घातलं. गुबगुबीत कोचावर बराच वेळ बसल्यावर मकरंद आला. पोट सुटलेला, पण चेहरा तोच. आला तसा वाकून दोघांच्या पाया पडला. सरांना बरं वाटलेलं मी बघितलं.

सरांनी वेळ घालवला नाही. "मकरंद, मधल्या कपाटातला तो नमुना. मी ओपल सांगितलं होतं. ते स्फटिक निघालं. मी न फोडता बोललो होतो."

मकरंदनं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सॉरी सर, पण कुठला स्टोन?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं.  सर कोचावर पुढं सरकून बसले आणि त्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. झाड, चिखल, सिलिका, गंजलेला खिळा, साबणाचा फेस, गोळे आणि रांग. अख्खा तास. मकरंदचा मोबाईल दोनदा वाजला, त्यानं तो दोन्हीदा बंद केला, हे मला सांगायलाच हवं. मान हलवत ऐकत होता. लाकूड ओपलचं आहे इथपर्यंत सगळं नीट पटवून झाल्यावर सर म्हणाले, "आणि हे चूक आहे," आणि मग सुळक्यांपर्यंत आले. शेवटी मकरंद म्हणाला, "पण सर, हे सांगायला तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात? एक मेल टाकायचा." सर म्हणाले, मेल वाचून तू हो म्हणाला असतास. त्यानं आम्हाला कॅन्टीनमध्ये जेवायचा आग्रह केला, पण त्याची मीटिंग होती, ते दिसत होतं.

बाहेर स्टॉपवर उभे असताना सर म्हणाले, "बरं झालं. एका बैठकीत दोन्ही उरकलं. आधी चूक शिकवली, मग दुरुस्त केली."

मी हसले आणि हसता हसता मला रडू आलं. दिवसभराची धूळ, ऊन, ते कोच, सगळंच. मी म्हणाले, "सर, पुरे करा आता. कुणालाच तो दगड आठवत नाही."

"नसेल आठवत," ते म्हणाले. "पण मी सांगितलं होतं ना?"

माझी बस वेगळी होती. त्यांची आधी आली. ऑफिसं सुटली होती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं दारापर्यंत लटकली होती. सर कसेबसे आत शिरले. एका मुलीनं उठून त्यांना जागा दिली, पण ते बसले नाहीत. वरची दांडी धरून, तिच्याकडे वाकून ते काहीतरी विचारत होते. आमच्या कॉलेजच्या का तुम्ही, असंच असणार. तिनं मान हलवून नाही म्हटलं. बस सुटली, आणि त्या दिवशी सरांना मी शेवटचं बघितलं ते तेव्हा. ते तिच्या शेजारच्या मुलाला विचारत होते.